संप एकट्या डॉक्टरांचा नव्हता

श्रावणातल्या एका संध्याकाळी गिरडला आमच्या गटातल्या पंचवीस-तीस बाया एका मैत्रिणीच्या ओसरीवर जमल्या आणि आम्ही 'लालबाग परळ' हा सिनेमा पाहिला. निंदणाचा हंगाम होता. दिवसभर वाकून काम करून आलेल्या बाया, त्यामुळे निम्म्या तरी झोपतील असं मला वाटलं होतं. पण एकही झोपली नाही. महेश मांजरेकरांचा हा २०१० सालचा सिनेमा जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून केलेला आहे. मुंबईतल्या १९८२ च्या गिरणी संपानंतर एका कामगार कुटुंबाची कशी वाताहत झाली, त्याची ती गोष्ट आहे. सीमा विश्वास यांनी त्यातली आई केली आहे. ती पडद्यावर आली की आमच्या बाया सावरून बसत.

सिनेमा संपला आणि एका मैत्रिणीने सरळ विचारलं, "काहून वो ताई, पगार बंद झाला तं चूल कशी पेटत होती? दीड-दोन वर्सं? थे तं दाखवलंच नाही." तिचा सासरा हिंगणघाटच्या गिरणीत होता. सासऱ्याच्या गिरणीत काम बंद पडलं की सासू काय करायची, हे तिने लग्न झाल्यापासून ऐकलेलं. म्हणून तिला हा प्रश्न पडला. मला पडला नव्हता, हे कबूल केलं पाहिजे.

मागे उभा असलेला एक कॉलेजातला मुलगा मग म्हणाला, "यापेक्षा डॉ. दत्ता सामंतांवरच पिक्चर काढायला पाहिजे. खरा हिरो होता तो. सतरा गोळ्या घातल्या त्याला." चार-पाच जणींनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी जाताना मात्र आपण कशाला मान डोलावली याचा विचार करत गेले. हा लेख त्यातून निघाला आहे.

डॉ. सामंतांवर सिनेमा यावा, असं अधूनमधून कुणीतरी बोलतच असतं. त्यांचं आयुष्य तसं आहेच. घाटकोपरला दवाखाना चालवणारा एक डॉक्टर. त्याच्याकडे येणारे पेशंट दगडखाणीतले मजूर. औषधाने यांचं दुखणं जाणार नाही, हे त्याच्या लक्षात येतं आणि तो युनियन बांधतो. पुढे आमदार होतो, आणीबाणीत तुरुंगात जातो, एकामागून एक कारखान्यात मोठमोठे पगारवाढीचे करार करून दाखवतो. मग गिरणी कामगार आपणहून त्याच्या दारात येतात, आमचं नेतृत्व करा म्हणतात, आणि १८ जानेवारी १९८२ ला साठावर गिरण्यांचे सुमारे अडीच लाख कामगार संपावर जातात. संप मोडला जातो, तरी तो रीतसर कधी मागे घेतला जात नाही. लाखाहून जास्त कामगार कायमचे बाहेर फेकले जातात. तरीसुद्धा १९८४ मध्ये सगळीकडे काँग्रेसची लाट असताना हा माणूस अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून जातो. आणि १६ जानेवारी १९९७ ला पवईत, घराजवळ, त्याला गाडी अडवून गोळ्या घालतात.

पटकथाकाराला आणखी काय पाहिजे? सुरुवात, चढ, पडझड आणि शेवट, सगळं हाताशी तयार आहे. वादसुद्धा तयार आहे. हा माणूस कामगारांचा तारणहार की त्यांना खाईत लोटणारा आततायी? त्याच्या युनियनवर मारामाऱ्यांचे आरोप झाले, ते कितपत खरे? गिरण्या त्याने बंद पाडल्या, की मालकांना जमिनी मोकळ्या करायच्याच होत्या आणि संप आयताच सापडला? या प्रश्नांवर वर्तमानपत्रांतून चार दशकं शाई खर्च झाली आहे. सिनेमा आला की आणखी होईल.

माझं भांडण डॉक्टरांशी नाही, हे आधी सांगते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघाला मान्यता देऊन कामगारांना त्याच्या दावणीला बांधलं होतं. ती दावण तोडायला निघालेला माणूस आपल्या आदराचाच आहे. माझं भांडण त्या साच्याशी आहे. एक नेता, समोर एक मालक, मागे घोषणा देणारा पुरुषांचा समुद्र, आणि घरी दार उघडून वाट पाहणारी एक बायको. या साच्यात जो सिनेमा घडेल त्यात आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाला जागा नसेल. 'लालबाग परळ'मध्ये निदान घर आहे आणि घरात आई आहे. चरित्रपटात तीही दोन प्रसंगांपुरतीच उरेल: नेत्याला ताट वाढताना आणि नेत्याच्या प्रेतावर रडताना.

आपल्या सिनेमाला कामगार पुढारी काही नवा नाही. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये सतीश दुभाषींनी केलेला डिकास्टा आठवून पाहा. १९८५ च्या गोविंद निहलानींच्या 'आघात'मध्ये दोन युनियनमधली झटापट आहे, पटकथा तेंडुलकरांची, ओम पुरींसारखा नट. ही कामं चांगलीच आहेत. पण युनियन म्हणजे पुरुषांचं राजकारण, हे त्यांत गृहीतच धरलेलं आहे. तसं का धरलं म्हणून कुणी हटकलंही नाही, कारण प्रत्यक्षातही तोवर तसंच होऊन बसलं होतं.

ते तसं होऊन कसं बसलं, याची गोष्ट मला कुठल्याही नेत्याच्या चरित्रापेक्षा मोठी वाटते. १९२०-३० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे एक तरी बाई होती. वाइंडिंग आणि रिळिंग ही खाती बायांचीच. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या नायकिणी असत. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. त्याआधी १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कौन्सिलात त्या बिलाची बाजू मांडली होती. बाळंतपणाचा बोजा काही अंशी मालकाने उचलला पाहिजे, कारण बाईच्या कामाचा फायदा तोच घेतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातही १९३० साली असाच कायदा आला. मालकांनी त्यावर काय तोड काढली? पैसे देण्यापेक्षा बाईच नको. त्यात बायांना रात्रपाळी बंद होती आणि गिरण्या तर पाळ्या वाढवत चालल्या होत्या. नवी यंत्रं आली तीही बायांच्याच खात्यात पहिली आली. एकेक खातं करत बाया कमी झाल्या आणि १९८२ उजाडेपर्यंत शंभरात मोजक्या उरल्या.

त्या जाताना युनियन काय करत होत्या? लाल बावट्याच्या काही बायांनी आवाज उठवला, त्यांच्याकडे मी पुढे येते. पण एकंदरीने युनियनने पुरुषाच्या पगारात घर चाललं पाहिजे अशी मागणी लावून धरली. ऐकायला ती न्याय्यच वाटते. तिचा दुसरा अर्थ असा निघतो की बाईचा पगार वरकमाईचा, गेला तरी घर बुडत नाही. १९८२ च्या मोठ्या मागण्या कोणत्या? पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं, मान्यताप्राप्त संघाची मक्तेदारी मोडणं. तिन्ही रास्त. पण गिरणीतून बाई कुठे गेली, हा प्रश्न त्या संपाच्या केंद्रात नव्हता. डॉक्टरांना एकट्याला त्याचा दोष देता येणार नाही. पण 'लढवय्या नेता' म्हणून त्यांचा सिनेमा निघणार असेल तर हे त्यात आलं पाहिजे.

आता चुलीकडे येऊ. अडीच लाख कामगार म्हणजे अडीच लाख घरं. पगार शून्य. युनियनजवळ एवढ्या घरांना पोसण्याइतका फंड कुठल्याच काळात नसतो. मग संप महिनोन्‌महिने चालला तो कशावर? काही कामगार कोकणात, साताऱ्या-सांगलीकडे गावी गेले आणि तिथल्या बायकांनी पिकवलेलं खाऊन राहिले. म्हणजे तो शेतावरच्या बाईच्या श्रमावर चाललेला संप. जे मुंबईत राहिले त्यांच्या बायका धुणीभांडी करायला गेल्या, भाजी विकायला बसल्या, घरी आणून कागदी पिशव्या नि बटणं-काजांची कामं केली, गळ्यातलं मोडलं. दुकानदारापुढे उधारीसाठी उभं राहायला कोण जातं, हे बायांना सांगायला नको. पुरुषाला लाज वाटते म्हणून तो बायकोला पाठवतो. ज्याला आपण कामगारांची जिद्द म्हणतो ती निम्मी त्या रांगेत उभी होती.

आणि खाणावळवाल्या? गिरणगावातले हजारो कामगार एकटे राहायचे, गावी कुटुंब ठेवून आलेले. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बाया म्हणजे गिरणी उद्योगाचं एक खातंच होत्या, फक्त गिरणीच्या पगारपत्रकात त्यांचं नाव नव्हतं. सत्तरच्या दशकातल्या संपांत या बायांनी उधारीवर माणसं जेवू घातली आणि सावकाराच्या व्याजात स्वतः बुडाल्या. युनियनमध्ये काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी हे पाहिलं आणि १९७५ साली त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. विचार करा, संपाच्या खर्चाचा मोठा वाटा उचलणाऱ्या बायांना संघटित करायला वेगळी संस्था काढावी लागली. युनियनच्या व्याख्येत 'कामगार' म्हणून त्या बसतच नव्हत्या.

हा सिनेमा कुणी का काढत नाही? एका खाणावळवालीची वही घ्या. त्यात पन्नास माणसांची नावं, प्रत्येकापुढे थकलेले पैसे, संप लांबत चाललेला. रोज सकाळी तिला ठरवायचं आहे की आज पीठ मळायचं की नाही. यात तणाव नाही, नाट्य नाही, असं कोण म्हणेल?

कुणी म्हणेल, लोकांना नायक लागतो, एका माणसाच्या गोष्टीशिवाय सिनेमा चालत नाही. ठीक आहे. मग एका बाईची घ्या. उषाताई डांगे १९२८-२९ च्या संपांत गिरणीतल्या बायांना घेऊन उभ्या राहिल्या. त्यांचं 'पण ऐकतं कोण?' हे आत्मकथन आहे. शीर्षकातच सगळं आलं. पार्वतीबाई भोर यांनी 'एका रणरागिणीची हकीकत' सांगून ठेवली आहे. दोन्ही पुस्तकं मराठीतच आहेत, भाषांतराचीही अडचण नाही.

आणि आपल्या नागपूरकडे या. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये राधाबाई कांबळे काम करायच्या. दलित बाई, गिरणी कामगार, आणि पुढे कामगारांची पुढारी. १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरपुढे त्यांनी साक्ष दिली. साहेबाच्या कमिशनपुढे उभं राहून गिरणीतल्या बाईचं जिणं सांगणारी ही बाई आज किती जणींना माहीत आहे? १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं नसतं तर मलाही ती माहीत झाली नसती. वर्ध्याहून नागपूर रेल्वेने किती लांब? तरीही मी शाळेत असताना तिचं नाव ऐकलं नाही, युनियनच्या शिबिरांत ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या स्त्रीमुक्तीच्या शिबिरांतही फार उशिरा ऐकलं.

जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तिथले ठराव वाचले की आपण अजून कुठे आहोत ते कळतं. घटस्फोटाचा हक्क आणि एकापेक्षा जास्त बायका करण्याला बंदी, हे मागतानाच त्या बाया गिरणीतल्या, विडीच्या कामावरच्या बायांना भरपगारी रजा मागत होत्या, म्हातारपणी पेन्शन मागत होत्या, बायांवर देखरेखीला बाईच नेमा म्हणत होत्या. घर आणि गिरणी अशी फाळणी त्यांनी केली नव्हती. ती फाळणी नंतर पुढाऱ्यांनी केली, आणि आपणही स्वीकारली.

होय, आपणही. मथुरेच्या खटल्यानंतर, १९८० पासून आपण बलात्काराच्या कायद्यासाठी रस्त्यावर उतरलो. मथुरा इथलीच, जुन्या चांदा जिल्ह्यातली मुलगी. मग हुंडाबळींवर लढलो. ते करायलाच हवं होतं. पण त्याच वर्षांत राज्यातला सगळ्यात मोठा संप चालू होता आणि त्यातल्या बायांच्या हकीकती गोळा करायला आपल्यापैकी थोड्याच जणी गेल्या. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी पुढे गिरणगावातल्या माणसांना बोलतं केलं, ते पुस्तक २००४ साली आलं. विदर्भातल्या गिरण्यांचं असं काम व्हायचंच आहे. सिनेमावाल्यांवर डाफरताना हेही मनात असू द्यावं.

ही काही फक्त आपल्याकडची तऱ्हा नाही. पोलंडमध्ये ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यात संप झाला, त्यातून सॉलिडॅरिटी जन्मली. तो पेटला कशावरून? ॲना वॅलेंटिनोविच नावाच्या क्रेन चालवणाऱ्या बाईला निवृत्तीच्या तोंडावर कामावरून काढलं, तिला परत घ्या ही संपाची पहिली मागणी होती. पण जगाला माहीत आहे तो लेक वालेसा. आन्द्रे वायदासारख्या थोर दिग्दर्शकाने २०१३ मध्ये चरित्रपट काढला तो वालेसावर. ॲनाच्या आयुष्यावरून २००६ साली एका जर्मन दिग्दर्शकाने सिनेमा केला, तो कितीजणांनी पाहिला असेल? अमेरिकेत शेतमजुरांचा पुढारी सीझर चावेझ याच्यावर २०१४ मध्ये सिनेमा आला. त्याच्याबरोबर युनियन उभी करणारी, करारांच्या वाटाघाटी करणारी डोलोरेस ह्युर्टा हिला त्यात शेजारची जागा. 'होय, जमेल' ही त्या चळवळीची घोषणा तिची, आणि लोक ती चावेझच्या नावावर टाकतात.

तरी तिथे १९७९ मध्ये 'नॉर्मा रे' निघाला. कापड गिरणीतली बाई युनियन आणते, एवढीच गोष्ट, तीही एका खऱ्या कामगार बाईवरून घेतलेली. सिनेमा चालला. त्यातल्या सॅली फील्डला ऑस्कर मिळालं. म्हणजे 'चालत नाही' हेही खोटंच.

या विषयावर बोललं की आपले जुने कॉम्रेड हमखास एक वाक्य म्हणतात: ताई, तुम्ही कामगारांच्या एकजुटीत फूट पाडता. आधी वर्गाचा लढा, मग बायांचं बघू. हे मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. त्यांना मी केरळातल्या मुन्नारची आठवण देते. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथल्या चहामळ्यातल्या हजारो बायांनी बोनससाठी रस्ता अडवला, आणि मालकाच्या बरोबरीने युनियनच्या पुरुष पुढाऱ्यांनाही हाकलून लावलं. पानं आम्ही खुडायची आणि करार तुम्ही करायचे, हे चालणार नाही म्हणाल्या. आता यात फूट कुणी पाडली? बायांनी, की त्यांना न विचारता सह्या करणाऱ्यांनी?

लांब केरळात कशाला जायचं? ४ डिसेंबर २०२३ ला महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांनी संप सुरू केला तो जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चालला. आमच्या ओसरीवर सिनेमा पाहायला बसलेल्यांत त्यातल्या तिघी होत्या. मानधनावर काम करणारी बाई, सरकार तिला कामगार म्हणायलाही तयार नाही, आणि ती पन्नास दिवस ठाम राहते. त्यातल्या एकीने सांगितलं की त्या काळात ती कापूस वेचायला जायची, सकाळी वेचणी आणि दुपारी धरणं. तिच्या घरी कुणी 'तुझा संप आहे तर स्वयंपाक मी करतो' म्हणालं का? सगळ्या हसल्या. आणि आमच्याच एका सभेत, जिथे समोर बसलेल्या शेकडो बायाच होत्या, व्यासपीठावर सात खुर्च्या होत्या. त्यांतल्या पाचांवर पुरुष. भाषणाच्या यादीत स्थानिक सेविकेचं नाव शेवटी, आणि वेळ संपली म्हणून तिचं भाषण आभारात आटोपलं. ती संघटना कुठली ते लिहीत नाही, कारण जवळपास सगळ्याच तशा आहेत. पुढे कुणी त्या संपावर सिनेमा काढला तर त्या पाच खुर्च्यांपैकी एकीवरच्या माणसाचा काढेल, अशी मला भीती आहे.

म्हणून डॉ. सामंतांवर सिनेमा काढू म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे. काढा, जरूर काढा. पण पंतनगरच्या दवाखान्यात खाणीतला मजूर येतो तेव्हा त्याच्याबरोबर खडी फोडणारी बाईही दाखवा, कारण खाणीत ती असतेच. सभेत डॉक्टर बोलत असतील तेव्हा कॅमेरा एकदा चाळीच्या जिन्यात न्या. त्यांच्या युनियनच्या मागण्यांचा कागद पडद्यावर दाखवाल तर त्यात काय नाही तेही दिसू द्या. त्याने डॉक्टर लहान होणार नाहीत. आणि हे जमत नसेल तर निदान जाहिरातीत 'गिरणी कामगारांची गाथा' असं लिहू नका. 'एका पुढाऱ्याचं चरित्र' लिहा, ते खरं होईल.

त्या संध्याकाळचं थोडं राहिलं. प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीची सासू अजून आहे. आठवड्याने आम्ही दोघी-तिघी फोन घेऊन तिच्याकडे गेलो, रेकॉर्ड करू म्हटलं. म्हातारीने आधी विचारलं, "माह्या नवऱ्याचं सांगू का माह्यं?" तुमचं, म्हटलं. मग ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर बोलायला लागली ती रेच्याच्या कामावरून. लग्नाआधी ती जिनिंगमध्ये जायची, हे घरात सुनेलाही माहीत नव्हतं. दोन तास झाले आणि फोनची बॅटरी संपली. आता हिंगणघाट, पुलगाव आणि नागपूरला अशा किती जणी आहेत याची यादी करायला घेतली आहे. ज्या गटांकडे आपल्या भागातल्या गिरणी, जिनिंग किंवा विडी कामगार बायांची नावं असतील त्यांनी आम्हाला कळवावं. बहुतेकजणी सत्तरीच्या पुढच्या आहेत, तेव्हा लवकर कळवा.